विम्बल्डनवरचं ब्लमाँज

इंग्लंडातल्या एका साध्या रस्त्यावरून एक साधा माणूस चाललेला असतो. वर आकाशात उडती तबकडी येते, तिच्यातून किरण सुटतो, माणूस जागच्या जागी थरथरतो. पुढच्या क्षणी त्याला लांबलचक लाल दाढी आलेली असते आणि कमरेला किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो चौकडीचा घागरा. मग तो एखाद्या यंत्रासारखा वळतो आणि ताठ मानेने स्कॉटलंडच्या दिशेने चालू लागतो. परग्रहवासीयांनी त्याचा स्कॉटिश माणूस केलेला असतो.

हे 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या विनोदी मालिकेच्या सातव्या भागात घडतं. बीबीसीवर तो ३० नोव्हेंबर १९६९ रोजी दाखवला गेला. हळूहळू अख्खा इंग्लंड स्कॉटिश होऊन उत्तरेकडे निघतो. प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालून विचार करतो, आणि त्याची मैत्रीण प्रेक्षकांच्या वतीने त्याला बाळबोध प्रश्न विचारते. तिकडे स्कॉटलंडमधल्या एका गरीब शिंप्याकडे ४ कोटी ८० लाख किल्टची ऑर्डर येते. गिऱ्हाईक असतं अँड्रोमेडा दीर्घिकेतल्या स्कायरॉन ग्रहावरून आलेलं एक ब्लमाँज.

ब्लमाँज म्हणजे दूध, साखर आणि कॉर्नफ्लोअर शिजवून साच्यात थंड केलेला इंग्रजी गोड पदार्थ. ताटली हलवली की खरवसासारखा थलथलतो. तर माणसापेक्षा मोठी अशी ही ब्लमाँजं पृथ्वीवर आली आहेत ती विम्बल्डन जिंकायला. त्यांचा हिशेब असा, की जगात टेनिस सगळ्यात वाईट कोण खेळतं, तर स्कॉटिश लोक. मग सगळ्यांनाच स्कॉटिश करून टाकलं की स्पर्धेत समोर कुणी उरतच नाही.

इंग्रज-स्कॉटिश थट्टा त्यात आहेच, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं ते शास्त्रज्ञाच्या चेहऱ्याचं. तो जराही हसत नाही. संगीत भयपटाचं आहे, निवेदकाचा आवाज गंभीर आहे, कॅमेरा योग्य त्या क्षणी चेहऱ्याजवळ जातो. विज्ञानकथेचा सगळा सरंजाम जसाच्या तसा ठेवलेला आहे. बदललेल्या गोष्टी दोनच: आक्रमण करणारा कोण, आणि त्याला काय हवंय.

विडंबनाचं तंत्र इथेच आहे. केशवकुमारांच्या विडंबन कविता वाचलेल्या मराठी वाचकाला ते वेगळं सांगायला नको. मूळ कवितेचं वृत्त, शब्दांची ठेवण, सूर सगळं तसंच राहतं, विषय तेवढा खाली उतरतो. वृत्त चुकलं तर विडंबन पडतं. म्हणून विडंबन करणाऱ्याला मूळ गोष्ट पाठ असावी लागते, आणि बहुतेक वेळा ती त्याची आवडतीही असते. ब्रिटिश टीव्हीवर विज्ञानकथेचं विडंबन इतकं सरस का झालं, याचं उत्तर शोधायचं तर आधी ती मूळ गोष्ट पाहावी लागेल.

ती सुरू होते १९५३ च्या उन्हाळ्यात. बीबीसीने नायजेल नील या लेखकाची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका दाखवली. तीन अंतराळवीर वर जातात, खाली एकच जिवंत परततो, आणि त्याचं हळूहळू वनस्पतीसारख्या भयंकर जीवात रूपांतर होत जातं. त्या काळी अशी नाटकं स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. जे घडायचं ते प्रेक्षकांसमोर त्याच क्षणी घडे, चूक झाली तर झाली. या मालिकेचे पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत.

शेवटच्या भागात तो राक्षस लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये शिरतो. अडीच-तीन महिन्यांपूर्वीच, २ जूनला, त्याच ॲबेत राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि लोकांनी तो टीव्हीवर पाहिला होता. तेवढ्यासाठी कितीतरी घरांत पहिल्यांदा टीव्ही संच आला होता. ज्या पडद्यावर राणीच्या डोक्यावर मुकुट चढताना पाहिला, त्याच पडद्यावर आता तिथल्या भिंतीवर राक्षस वळवळत होता. बीबीसीकडे राक्षसासाठी पैसे नव्हते. मग नील आणि त्यांची होणारी पत्नी जूडिथ कर यांनी हातमोज्यांवर झाडपाला वगैरे चिकटवला. ॲबेच्या आतल्या भागाचा एक मोठा फोटो घेतला, त्याला भोकं पाडली, आणि प्रक्षेपणाच्या वेळी नील यांनी मागून हात घालून बोटं हलवली. राक्षस म्हणजे लेखकाचे स्वतःचे दोन हात होते, आणि लोक खरोखर घाबरले.

हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं, कारण ब्रिटिश विज्ञानकथेचं पुढचं सगळं वळण त्यात दिसतं. परका जीव दूरच्या ग्रहावर भेटत नाही, तो तुमच्या ओळखीच्या जागी येतो. ॲबेत येतो, नाक्यावर येतो, घरामागच्या बागेत येतो. दाखवायला साधनं फारशी नाहीत, तेव्हा भीतीचा सगळा भार नटांच्या गंभीर चेहऱ्यावर आणि शुद्ध बीबीसी उच्चारांवर पडतो. म्हणजे हसू इथे मुळातच दोन बोटांच्या अंतरावर उभं आहे. ॲबेतला हातमोजा आणि विम्बल्डनवरचं ब्लमाँज यांच्यात तंत्राने फारसा फरक नाही. हातमोज्याकडे पाहून आपण श्वास रोखायचा की खळखळून हसायचं, हे सांगणारी खूण तेवढी बदलते. 'फ्लाइंग सर्कस' करणाऱ्या पायथन मंडळातले इंग्लंडात वाढलेले पाचही जण १९५३ साली दहा ते तेरा वर्षांचे होते. हे सगळं पाहत, ऐकत, त्याच्याबद्दल शाळेत बोलत वाढलेली ही पिढी.

अँड्रोमेडा हे नावही असंच उचललेलं नाही. १९६१ साली बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका केली होती. अँड्रोमेडाच्या दिशेने रेडिओ संदेश येतो, त्यात एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात, आणि तो संगणक पुढे एक माणूस घडवतो. कथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. त्याच काळात त्यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर संशोधन करत होते. १९६३ साली त्यांना पीएचडी मिळाली, आणि पुढे मराठी विज्ञानकथेला त्यांनी जे दिलं ते आपण वाचलेलं आहे. अव्वल दर्जाचा शास्त्रज्ञ टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहितो, आणि आठ वर्षांत तिच्यातल्या अँड्रोमेडावरून ब्लमाँज उतरतं. दोन्ही कामं एकाच संस्थेने तितक्याच मनापासून केली.

पण विडंबनाची सुरुवात पायथनची नव्हे. ती झाली रेडिओवर, आणि तिचा कर्ता जन्माने नगरचा.

स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला झाला. वडील ब्रिटिश फौजेत होते. बालपण पुण्यात आणि नंतर रंगूनला गेलं, पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये ते शिकले, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला गेलं. १९५१ ते १९६० या काळात त्यांनी बीबीसी रेडिओसाठी 'द गून शो' लिहिला. पायथन मंडळातले लोक ज्याला आपलं मूळ मानतात तो हाच कार्यक्रम.

१२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसी टीव्हीने ऑर्वेलच्या '१९८४' या हुकूमशाहीवरच्या कादंबरीचं नाट्यरूप दाखवलं. तेही नील यांनीच लिहिलेलं होतं. त्यातल्या छळाच्या दृश्यांवरून गहजब झाला, पार्लमेंटपर्यंत विषय गेला. गून शोने जानेवारी उजाडताच '१९८५' सादर केला. त्यात सर्वांवर नजर ठेवणारी हुकूमशाही म्हणजे दुसरीतिसरी कुणी नसून बीबीसीच: 'बिग ब्रदर कॉर्पोरेशन'. बीबीसीच्या पैशाने, बीबीसीच्याच लहरींवर. पुढे 'क्वाटरमास अँड द पिट' ही मालिका २६ जानेवारी १९५९ ला संपली आणि बरोबर एका आठवड्याने गून शोने तिचं विडंबन हवेत सोडलं. श्रोत्यांच्या मनात मूळ गोष्ट अजून ओली असतानाच. विडंबनाला वेळेचं गणित असतं, ते मिलिगनना अचूक कळत होतं.

मिलिगन आणि त्यांच्या मित्रांनी विनोदी लेखकांची एक एजन्सी काढली होती. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका भाजीच्या दुकानाच्या माथ्यावर तिचं ऑफिस होतं. कार्डिफहून आलेल्या टेरी नेशन नावाच्या होतकरू पोराला मिलिगननी तिथे काम दिलं. नेशनने बरीच वर्षं विनोदी संहिता लिहिल्या. एका प्रसिद्ध विनोदी नटाशी त्याचं बिनसलं तेव्हा त्याने नाइलाजाने मुलांच्या एका नव्या मालिकेचं काम घेतलं. मालिका होती काळातून प्रवास करणाऱ्या एका डॉक्टरची, 'डॉक्टर हू', आणि डिसेंबर १९६३ मध्ये नेशनने तिच्यात आणले डॅलेक. कवचात बसलेले, चाकांवर सरकणारे, कर्कश आवाजात 'नष्ट करा' ओरडणारे हे जीव बघून इंग्लंडातली पोरं सोफ्याच्या मागे लपायची. देशातलं सगळ्यात भीतिदायक पात्र विनोदी लेखकांच्या कचेरीतून घडून आलेल्या माणसाने लिहिलं. ब्रिटिश टीव्हीवर भीती आणि हसू एकाच आळीत राहत होती म्हणतो ती अशी.

आता अशा डॅलेकचं विडंबन कसं करायचं? प्रेक्षकांनी ते आपणहून सुरू केलं होतं: चाकांवर चालणारे हे विश्वविजेते जिना कसा चढणार? हा विनोद देशात इतकी वर्षं फिरला, की १९८८ साली 'डॉक्टर हू'ने एका भागाच्या शेवटी डॅलेकला हवेत तरंगत जिना चढताना दाखवलं. विनोदाने मूळ गोष्टीला उत्तर द्यायला लावलं.

खुद्द मिलिगननी १९७५ मध्ये टीव्हीवर केलेलं विडंबन मात्र मला बोचतं. त्यात एक डॅलेक कामावरून दमून घरी येतो, घरात बायको-मुलं आहेत, आणि तो सवयीने घरातल्या वस्तू उडवत सुटतो. कल्पना उत्तम आहे. विश्वाचा कर्दनकाळ संध्याकाळच्या चहाला घरी येतो, यात विडंबनाचं सगळं गमक आहे. पण त्यांनी ते कुटुंब पाकिस्तानी स्थलांतरितांचं केलं, आणि हसू डॅलेकवरून घसरून त्या कुटुंबाच्या बोलण्यावर, खाण्यावर येऊन पडलं. नगरला जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या माणसाने हे करावं याचं वाईट वाटतं. आणि तंत्राच्या दृष्टीनेही तो दोष आहेच, कारण तिथे विज्ञानकथेचं विडंबन थांबतं आणि शेजाऱ्याची टिंगल सुरू होते.

असाच घोटाळा 'द टू रॉनीज' या विनोदी कार्यक्रमाच्या १९८० मधल्या 'द वर्म दॅट टर्न्ड' या मालिकेत झाला. २०१२ सालचा काल्पनिक इंग्लंड, सत्ता बायकांच्या हाती, पुरुषांना फ्रॉक घालण्याची सक्ती. हुकूमशाहीच्या कथांचा साचा घेतला, पण त्या राज्याचा कारभार कसा चालतो, भीती कुठून येते, याचा विचारच केला नाही. सगळे विनोद फ्रॉकपाशी अडकले. त्याआधी 'कम बॅक मिसेस नोआ'मध्ये पाककलेची स्पर्धा जिंकलेली एक गृहिणी अंतराळस्थानक बघायला जाते आणि ते चुकून उडतं. सुरुवात किती छान! पुढे मात्र पडापडी आणि द्व्यर्थी शब्द. लेखकांना अंतराळात रसच नव्हता, आणि ते कळतं.

रस असलेला माणूस म्हणजे डग्लस ॲडम्स. उंचच उंच, केंब्रिजचा, जन्म १९५२ चा. पायथनच्या शेवटच्या मालिकेत, १९७४ साली, त्याने थोडं लिहिलं आणि पडद्यावर दोनदा तोंडही दाखवलं. त्यातलं एक 'मिस्टर न्यूट्रॉन' या भागात. जगातला सगळ्यात धोकादायक माणूस लंडनच्या उपनगरात राहायला येतो, शेजाऱ्यांकडे चहाला जातो, आणि त्याला शोधायला निघालेला अमेरिकन सेनापती एकेक शहर बॉम्बने उडवत सुटतो, अशी ती गोष्ट. ॲडम्स त्यात बाईच्या वेषात भंगारवाल्याच्या गाडीवर एक क्षेपणास्त्र चढवताना दिसतो.

पुढे त्याने लिहिलं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'. १९७८ ला रेडिओवर, जानेवारी १९८१ पासून बीबीसी टू वर सहा भागांत. सुरुवातीलाच आर्थर डेंट या माणसाच्या घरासमोर बुलडोझर उभा आहे, कारण बाह्यवळण रस्ता तिथून जाणार आहे. नगरपालिकेचा माणूस म्हणतो, नकाशे हरकतींसाठी लावले होते की. ते कुठे, तर तळघरात, जिथे दिवा नाही आणि जिनाही नाही, एका बंद संडासात, कुलूप लावलेल्या कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात आकाशात व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांची जहाजं येतात आणि घोषणा करतात की अंतराळातल्या बाह्यवळण मार्गासाठी पृथ्वी पाडायची आहे, आणि नकाशे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीच्या कचेरीत लावलेले होते, आता हरकत घेऊन काय उपयोग.

इथे ॲडम्सने केलेलं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. पृथ्वीवर आक्रमण हा विज्ञानकथेचा सगळ्यात मोठा प्रसंग. त्याने आक्रमकाला राक्षस केलं नाही, वेडा केलं नाही, कारकून केलं. व्होगॉनांना पृथ्वीचा राग नाही, लोभ नाही, फाइल पुढे सरकवायची आहे. आणि घर पाडणं व ग्रह पाडणं यांत वाक्यंसुद्धा जवळपास तीच ठेवली. नोटीस वाचून ज्याचं घर गेलं आहे अशा कुठल्याही माणसाला यातली भीती खरी वाटेल. हसता हसता पोटात जो गोळा येतो, तो त्या तळघरातल्या कपाटामुळे.

टीव्हीवरच्या आवृत्तीत मधूनमधून 'गाइड' या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची पानं दिसतात. चमकणारी अक्षरं, आकृत्या, वेगाने सरकणारी माहिती. आपल्याला वाटतं संगणकाची करामत. ते सगळं हाताने काढलेलं ॲनिमेशन होतं. रॉड लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेममागून फ्रेम काढून, मागून प्रकाश टाकून चित्रित केलेलं. नील यांच्या हातमोज्यांचीच ही परंपरा.

सात वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९८८ ला, 'रेड ड्वार्फ' सुरू झाली. लेखक रॉब ग्रँट आणि डग नेलर. इतर अंतराळकथांत जहाजावर कॅप्टन असतो, विज्ञान अधिकारी असतो. इथे उरलेत ते जहाजावरच्या सगळ्यात खालच्या हुद्द्याचे दोघे, ज्यांचं काम सूप देणारी यंत्रं दुरुस्त करणं. किरणोत्सर्ग होऊन बाकी सगळे मेलेत, तीस लाख वर्षं लोटलीत. लिस्टर जिवंत आहे, रिमर मेलेला आहे आणि प्रकाशाच्या आकृतीच्या रूपात उरला आहे, आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. लेखकांनी एक पथ्य ठेवलं: परग्रहवासी आणायचे नाहीत. विश्वात माणूस आणि त्याने मागे सोडलेल्या वस्तू, बस्स. विनोदी मालिकेने इतका एकाकी नियम पाळावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या लिस्टरचा जीव विंदालूत. तीस लाख वर्षांनंतर, पृथ्वीपासून अगणित अंतरावर, त्याला हवी असते झणझणीत करी. १९९१ च्या 'डीएनए' या भागात पेशींची घडण बदलणाऱ्या एका यंत्रात त्याचं मटण विंदालू जातं आणि बाहेर येतो विंदालूचा राक्षस. अंधाऱ्या बोळातून पाठलाग, धूर, किंचाळ्या, सगळं भयपटासारखं. बंदुका चालत नाहीत. शेवटी तो मरतो तो बिअरने, कारण तिखट विंदालूवर बिअरशिवाय उतारा नाही हे ब्रिटनमधल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. गोव्याच्या माणसाला मात्र हे पाहून वेगळंच काही वाटेल. विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या वाइन-लसणात मुरवलेल्या मांसात आहे. गोव्यात त्याला व्हिनेगर आणि मिरची मिळाली, डुकराचं मांस कायम राहिलं, आणि त्याची गंमत आंबट-तिखटाच्या मुरण्यात आहे. ब्रिटनच्या हॉटेलांत पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'मेन्यूतली सगळ्यात जहाल करी' एवढाच उरला, कधी कधी नावातल्या 'आलू'मुळे त्यात बटाटेही पडले. तो पडद्यावरचा राक्षस त्या ब्रिटिश विंदालूचा आहे, मडगावच्या नव्हे.

या सगळ्याचा एक धागा पुढे मूळ गोष्टीतच परत विणला गेला. १२ मार्च १९९९ ला बीबीसीच्या धर्मादाय कार्यक्रमात स्टीव्हन मोफात यांनी 'डॉक्टर हू'चं विडंबन लिहिलं, 'द कर्स ऑफ फेटल डेथ'. डॉक्टर झाला होता रोवन ॲटकिन्सन. त्यात एक जुना किल्ला आहे आणि खलनायकाने तिथे सापळा लावलाय. मी भूतकाळात जाऊन किल्ल्याच्या वास्तुविशारदाला लाच देऊन आलो, असं तो सांगतो. डॉक्टर म्हणतो, मला ते माहीत होतं, म्हणून मी त्याच्याही आधी गेलो आणि लाच दिली. मग खलनायक त्याच्याही आधी. होता होता भिंतीतून डॉक्टरचा जीव घेणारे काटे यायचे, त्याऐवजी बऱ्यापैकी आरामशीर सोफा येतो. काळाचा प्रवास हातात असेल तर कुठलाच सापळा पक्का नाही, ही या मालिकेची खरीखुरी फट मोफातनी सोफ्यावर बसवून दाखवली.

२०१० साली तेच मोफात 'डॉक्टर हू'चे मुख्य लेखक झाले. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस डॉक्टर अशा एका पेटीत बंद होतो जिच्यातून सुटणं अशक्य आहे, आणि त्याची साथीदार मरून पडलेली आहे. हताश उभ्या असलेल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर डॉक्टरच प्रकट होतो, भविष्यातून आलेला, डोक्यावर लाल तुर्की टोपी, हातात फरशी पुसायचा मॉप. पेटी उघडायची वस्तू त्याच्या हातावर ठेवून पुन्हा नाहीसा होतो. युक्ती तीच, सोफ्याची. या वेळी प्रेक्षक श्वास रोखून बसले होते.